दोनदा तपासूनही चुकलेला पॅटर्न: सॉफ्टवेअर डिझाइनला गणिताची भाषा का लागते?

ॲपमधल्या सेटिंग्ज सांभाळणारा भाग एकच असावा लागतो. दोन झाले की एक म्हणणार 'भाषा मराठी', दुसरा म्हणणार 'इंग्रजी'. हा घोळ टाळणाऱ्या रचनेला प्रोग्रामर 'सिंगलटन' म्हणतात. एरिक गॅमा आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १९९४ साली 'डिझाइन पॅटर्न्स' या पुस्तकात असे २३ पॅटर्न, म्हणजे नेहमीच्या अडचणींवरचे अनुभवसिद्ध तोडगे मांडले. वर्णन साध्या इंग्रजीत, सोबत आकृत्या आणि नमुना कोड.

पण एकाच वेळी अनेक कामं म्हणजे 'थ्रेड' चालू असतील तर? दोन थ्रेड एकदम आले, तर दोन प्रती तयार होतात. म्हणून कुलूप लावायचं. दरवेळी कुलूप लावलं की वेग मंदावतो. मग ९०च्या दशकात युक्ती निघाली: आधी बघा, वस्तू नसेल तरच कुलूप लावा, आत जाऊन पुन्हा एकदा बघा. नाव 'डबल चेक्ड लॉकिंग'. जावामध्ये ती सर्रास वापरली गेली.

आणि ती चुकीची होती!

झालं असं की, वेग वाढवण्यासाठी कंपायलर आणि प्रोसेसर सूचनांचा क्रम बदलू शकतात. त्यामुळे वस्तू पूर्ण बनण्याआधीच तिचा पत्ता नोंदला जाऊ शकत होता. दारावर पाटी लागलेली, आत फरशीही बसलेली नाही. दुसरा थ्रेड पाटी बघून थेट आत शिरायचा. असं क्वचितच घडायचं, त्यामुळे टेस्टिंगमध्ये सापडणं कठीण. बिल प्यू यांच्यासह अनेक तज्ज्ञांनी जावामध्ये ही युक्ती चालत नसल्याचं जाहीर केलं. शेवटी जावाच्या मेमरीचे नियमच काटेकोर गणिती भाषेत नव्याने लिहावे लागले. ते २००४ साली जावा ५ मध्ये आले. 'व्होलाटाइल' हा शब्द जोडला की युक्ती आता बरोबर चालते.

काय कायम खरं असलंच पाहिजे, हे तर्कशास्त्राच्या भाषेत लिहिणं म्हणजे 'फॉर्मल स्पेसिफिकेशन'. पॅटर्नसाठी ॲमनॉन ईडन यांनी 'लेपस' ही खास भाषा तयार केली. लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या 'टीएलए प्लस'मध्ये रचना लिहिली, की कॉम्प्युटर तिच्या छोट्या मॉडेलमधले सगळे शक्य घटनाक्रम तपासतो. ॲमेझॉनच्या इंजिनिअरांनी २०१५ साली लिहिलं होतं, की डायनॅमोडीबीमधला एक बग त्यांना असाच सापडला. तो दिसण्यासाठी किमान ३५ पायऱ्या ठराविक क्रमाने घडाव्या लागत होत्या. माणसाच्या नजरेला हे कुठलं दिसायला?

मात्र पॅटर्न कधी वापरावा आणि कधी टाळावा, हे सूत्रात बसत नाही. त्यासाठी पुस्तकातलं साधं वर्णनच वाचावं लागतं.