तेरची पांढर आणि एका ग्रामस्थाची जिज्ञासा

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि ताम्रपट आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात. परंतु सामान्य कारागिरांनी नित्याच्या व्यवहारासाठी घडविलेल्या वस्तूंनाही त्यांचा स्वतंत्र इतिहास असतो. धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव अशा इतिहासाचे समृद्ध भांडार होय.

धाराशिव शहराच्या ईशान्येस सुमारे २० किलोमीटरवर, तेरणा नदीच्या काठी वसलेले तेर म्हणजे प्राचीन तगर नगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या तगरचा उल्लेख आहे. येथील कापड गाड्यांतून भडोच बंदरास जात असे, असेही त्यात नमूद आहे. व्यापाराची ही भरभराट ओसरली, नगराचे गाव झाले आणि जुन्या वस्तीच्या जागी पांढरीची टेकाडे तेवढी उरली.

या टेकाडांतून मणी, शंखाच्या बांगड्या, नाणी, हस्तिदंती वस्तू आणि मृण्मूर्ती मिळाल्या आहेत. त्यांपैकी मृण्मूर्तींची घडण विशेष लक्षणीय आहे. पुढचा व मागचा भाग दोन निरनिराळ्या साच्यांत दाबून काढायचा, दोन्ही भाग जोडायचे आणि मग मूर्ती भाजायची, अशी ही पद्धत होती. मूर्ती आतून पोकळ राहत असल्याने ती हलकी होई. येथील एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे, इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झालेल्या इटलीतील पाँपेई नगरात १९३८ साली सापडलेल्या भारतीय मूर्तीशी निकटचे साम्य आहे. पुढे संत गोरोबाकाकांनी याच तेरमध्ये माती तुडवीत आपला कुंभाराचा व्यवसाय केला. मातीशी असलेले या गावाचे नाते असे दीर्घ आहे.

परंतु वस्तू सापडणे वेगळे आणि त्या टिकणे वेगळे. पांढरी माती धाब्याच्या घरांवर घालण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. माती खणताना किंवा पावसाने टेकाड धुपताना वर आलेला मणी अथवा फुटके मुंडके कोणी जपून ठेवावे? तेरचे रहिवासी कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी ते काम आपले मानले. ते व्यवसायाने पुरातत्त्वज्ञ नव्हते. तरीही इतरांस निरुपयोगी वाटणाऱ्या हजारो वस्तू त्यांनी जमविल्या. १९५८ साली तेर येथे शास्त्रीय उत्खनन झाले, विद्वानांनी ग्रंथ लिहिले. त्या अभ्यासास या संग्रहाचा मोठा आधार लाभला. आज तेरमधील शासकीय वस्तुसंग्रहालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

जिज्ञासेची एक कथा आपल्या वाङ्मयातही आहे. मुनी कनकामर यांच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात तेरापूरजवळील लेण्यांचे वर्णन येते. डॉ. हिरालाल जैन यांनी १९३४ साली कारंजा येथून हे काव्य संपादून प्रसिद्ध केले आणि त्यातील वर्णनाचा संबंध धाराशिवच्या लेण्यांशी जोडला. एक हत्ती वारुळाची कमळांनी पूजा करतो, हे पाहून राजा करकंड ते वारूळ खणवितो, तेव्हा आत भगवान पार्श्वनाथांची प्रतिमा सापडते. पुढे प्रतिमेच्या आसनावरील एक गाठ पाहून राजास राहवत नाही. तो ती फोडवितो आणि उसळलेल्या पाण्याने लेणे भरून जाते. राजाला पश्चात्ताप होतो.

एकाच माणसाच्या जिज्ञासेने प्रथम प्रतिमा प्रकट केली आणि नंतर लेणे संकटात घातले. जिज्ञासेस विवेकाची जोड हवी, हाच या कथेचा बोध म्हणावा लागेल. लामतुरे यांच्या जिज्ञासेस ती जोड होती. त्यांनी वस्तू वेचल्या, जपल्या, आणि अखेर त्या सर्वांसाठी खुल्या झाल्या.

आपल्या घरांच्या माळ्यावर आजही मोडी लिपीतील जुन्या वह्या, हस्तलिखितांची बासने, पितळी दिवे आणि आजीने शिवलेल्या गोधड्या असतील. त्या कोणी, कशा व कोणासाठी केल्या, हे सांगणारी वडीलधारी मंडळी दिवसेंदिवस कमी होत आहेत. ती आहेत तोवर त्यांना विचारून एका चिठ्ठीवर नोंद करून ठेवावी. एवढे काम आपल्यापैकी कोणासही करता येण्यासारखे आहे.