लालबागेंतील पुष्पप्रदर्शनाचा मूलारंभ

बंगळूरच्या लालबागेंत वर्षांतून दोनदां, २६ जानेवारी व १५ ऑगस्ट या दिवसांच्या सुमारास, पुष्पप्रदर्शन भरतें. तें पाहून आलेल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आम्हांस सांगितलें कीं, हा प्रघात टिपू सुलतानानें पाडला. दुसऱ्या एका गृहस्थांनीं तितक्याच खात्रीनें सांगितलें कीं, तो स्वातंत्र्यप्राप्तीनंतर पडला. आमच्या मतें दोन्ही विधानें टिकण्यासारखीं नाहींत, आणि दोहोंतील दोष एकाच जातीचा आहे. बाग जुनी म्हणून प्रदर्शन जुनें, किंवा दिवस नवे म्हणून प्रदर्शन नवें, असें धरून चालणें हा इतिहास नव्हे. बाग, मंडप व मंडळी या तीन निरनिराळ्या गोष्टी असून त्या निरनिराळ्या काळीं आल्या आहेत.

फुलांचा शोक आमच्या लोकांस परक्यांनीं शिकविला, असें मात्र कोणीं समजूं नये. वात्स्यायनानें मोजलेल्या चौसष्ट कलांत पुष्पास्तरण आहे, माल्यग्रथन आहे, वृक्षायुर्वेदही आहे. बृहत्संहितेंत वराहमिहिरानें वृक्षायुर्वेदास स्वतंत्र अध्याय दिला आहे. परंतु या परंपरेंत फूल खुडून देवास वाहावयाचें, केसांत माळावयाचें किंवा शय्येवर पसरावयाचें असतें. झाड मुळासकट कुंडींत आणून दहाजणांच्या कुंड्यांशेजारीं ठेवावयाचें, तिऱ्हाइतानें त्यांत डावेंउजवें ठरवावयाचें आणि तें सर्वांसमक्ष जाहीर करावयाचें, ही कल्पना निराळी आहे. ती एकोणिसाव्या शतकांत युरोपांतून आली, हें कबूल करण्यांत कमीपणा नाहीं.

लालबागेचा आरंभ हैदरअल्लीनें १७६० सालीं केला. ज्या बंगळुरांत शतकापूर्वीं शहाजीराजांची जहागीर होती, तेंच हें गांव. हैदराची बाग सुमारें ४० एकरांची होती. टिपूनें देशोदेशींचीं रोपें आणवून तिच्यांत भर घातली. ती राजाची खासगी बाग. तेथें प्रदर्शन कोणास दाखवावयाचें?

पहिला प्रयत्न १८३६ सालचा. म्हैसुरावर त्या वेळीं कंपनीच्या कमिशनराचा अंमल होता व मार्क कबन हा त्या जागीं होता. विल्यम मन्रो याच्या पुढाकारानें एक कृषि-उद्यान-मंडळी स्थापन होऊन लालबाग तिच्या स्वाधीन झाली. अशा मंडळींचा मूळ नमुना कलकत्त्याचा. तेथील मंडळी १८२० सालीं विल्यम केरी यानें काढिली. हा केरी आमच्या वाचकांस परका नाहीं; १८०५ सालीं मराठी भाषेचें व्याकरण आणि १८१० सालीं मराठी कोश छापणारा तोच. धातूंचीं रूपें लावणारा हा मनुष्य झाडेंही तितक्याच आस्थेनें लावीत असे, याचें आम्हांस नेहमीं कौतुक वाटतें. मुंबईसही १८३० सालीं अशीच मंडळी निघाली. बंगळूरची मंडळी मात्र १८४२ सालीं मोडली. आमचा तर्क असा कीं, ती मुख्यतः अधिकाऱ्यांची असावी. आणि ज्याची बदली व्हावयाची त्यानें लाविलेलें झाड दुसऱ्याच्याच अंगणांत फुलतें.

पुढें क्लेगहॉर्न याच्या शिफारशीवरून १८५६ सालीं ती सरकारी बाग झाली व क्यू येथील शिकलेले माळी येऊं लागले. त्यांपैकीं जॉन कॅमेरॉन यानें १८७४ पासून १९०८ पर्यंत कारभार पाहिला. यानेंच मंडप उभारिला. कानडींत ज्यास गाजिन मने म्हणतात, त्या कांचघराची कोनशिला ३० नोव्हेंबर १८८९ रोजीं राजपुत्र आल्बर्ट व्हिक्टर याच्या हस्तें बसली. लोखंडी काम ग्लासगो येथील मॅकफार्लेनच्या कारखान्याचें, आदर्श लंडनच्या १८५१ सालच्या स्फटिकमंदिराचा. तें स्फटिकमंदिर रचणारा पॅक्स्टन हाही मूळचा माळीच! प्रदर्शनें भरविण्याचा हेतु या कांचघरामागें प्रथमपासून होता. म्हणजे विसाव्या शतकापूर्वीं जागा व इच्छा दोन्ही सिद्ध होत्या. उणें होतें तें वर्षानुवर्षें ओझें वाहणाऱ्या मंडळीचें.

ती उणीव गुस्ताव क्रुंबिगल यांनीं भरून काढिली. हे ड्रेस्डेनकडचे जर्मन. क्यू येथें काम करून १८९३ सालीं ते बडोद्यास सयाजीराव गायकवाडांच्या चाकरींत आले आणि बरींच वर्षें तेथील बागा पाहून मग म्हैसूर दरबाराकडे गेले. बंगळूरच्या या उपक्रमामागें मराठी संस्थानांत मुरलेला अनुभव होता, ही गोष्ट आमच्याकडे फारशी कोणाच्या लक्षांत नाहीं. १९१२ सालीं त्यांनीं म्हैसूर उद्यानविद्या-मंडळी स्थापिली. सरकारी खात्यानें बाग व कांचघर द्यावें आणि मंडळीनें खात्याबरोबर प्रदर्शनाचा भार उचलावा, ही जोडी तेव्हांपासूनची. आम्ही प्रदर्शनाचा खरा आरंभ येथें धरितों.

असें धरण्याचें कारण सांगितलें पाहिजे. प्रदर्शन उघडण्याच्या दिवशीं भरतें असें पाहणारास वाटतें. तें वस्तुतः तीन महिने आधीं भरतें. जानेवारींत फूल हवें तर बहुतेक मोसमी झाडांचें बीं ऑक्टोबरांत पडावें लागतें, ऑगस्टांत हवें तर मे महिन्याच्या सुमारास. तेव्हां तारीख आधीं ठरून लोकांस कळली पाहिजे आणि ती मागाहून हलतां कामा नये. कोणत्या वर्गांत काय आणावें, कुंडी किती मोठी, परीक्षक कोण, हेंही आधींच ठरावें लागतें. एखाद्या हौशी अधिकाऱ्याच्या लहरीवर हें एक वर्ष चालेल. दुसऱ्या वर्षीं लोक बीं पेरणार नाहींत. आमच्या तालुक्याच्या गांवीं असें एक प्रदर्शन निघालें होतें. तिसऱ्या खेपेस तारीख दोनदां पुढें गेली, शेवंती मांडवापूर्वींच सुकली, आणि पुन्हां कोणीं नांव काढिलें नाहीं. आम्ही स्वतः अकरा कुंड्या वाढविल्या होत्या.

क्रुंबिगल १९३२ सालीं निवृत्त झाले व त्यांच्या जागीं जवरय्या आले. १९३५ सालीं, मिर्झा इस्माइल यांच्या दिवाणगिरींत, कांचघर पूर्वेकडे वाढविण्यांत आलें. त्यास लोखंड भद्रावतीचें लागलें. ग्लासगोचें काम आणि भद्रावतीचें काम एकाच छपराखालीं आजही पाहावयास मिळतें. दुसऱ्या महायुद्धांत जर्मन म्हणून क्रुंबिगल यांस स्थानबद्धता सोसावी लागली. तरी ते हा देश सोडून गेले नाहींत, आणि १९५६ सालीं बंगळुरांतच वारले. लालबागेजवळच्या एका रस्त्यास त्यांचें नांव आहे. बागेंतील त्यांच्या नांवाचें जुनें व्याख्यानगृह मोडकळीस येऊन २०१७ सालीं पाडण्यांत आलें.