करार-नूतनीकरण उपासना

देवाशी असलेले नाते मंडळीसमक्ष, समजून-उमजून पुन्हा पत्करण्याचा मेथडिस्ट पंथातील वार्षिक विधी. ब्रिटिश परंपरेत तो बहुधा नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी होतो. यात दुसऱ्यांदा बाप्तिस्मा दिला जात नाही. देव आपला शब्द मोडत नाही, ढिलाई होते ती माणसाकडून, अशी यामागची धारणा आहे.

मूळ आधार जुन्या करारातला. शखेम येथे यहोशवाने इस्राएल लोकांपुढे कोणाची सेवा करायची याची निवड ठेवली. योशीया राजाने मंदिरात सापडलेला नियमशास्त्राचा ग्रंथ वाचून दाखवून लोकांसह करार केला. बंदिवासातून परतलेल्यांनी नहेम्याच्या काळात करार लेखी केला आणि त्यावर मोहोरा उमटवल्या. देव नवा करार करील आणि आपले नियमशास्त्र अंतःकरणावर लिहील, हे यिर्मयाच्या 31व्या अध्यायातले वचन ख्रिस्ती वाचकाला अधिक जवळचे.

इंग्लंडमधील प्युरिटन पंथीयांनी ही कल्पना खाजगी साधनेत आणली. 1662च्या उपासना-एकरूपतेच्या कायद्यामुळे धर्मसेवा गमावलेल्या सुमारे दोन हजार पाळकांपैकी रिचर्ड अ‍ॅलीन हा एक. पुढच्याच वर्षी निघालेल्या त्याच्या ग्रंथात देवाशी करार कसा करावा याची रीतसर पद्धत आहे : आधी एकांतात स्वतःची झडती, मग गुडघे टेकून उच्चार, आणि तेवढ्यावर न थांबता कागदावर लिहून सही. मन उद्या नाकबूल होईल, म्हणून पुरावा आजच करून ठेवायचा. माणसाच्या स्वभावाची इतकी रोखठोक जाण भक्तिपर लेखनात क्वचितच आढळते.

मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्लीने (1703–1791) ही एकांतातली साधना समुदायात आणली. 11 ऑगस्ट 1755 रोजी लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागातील फ्रेंच चर्चमध्ये त्याने अ‍ॅलीनचा मजकूर वाचून दाखवला आणि संमतीची खूण म्हणून सुमारे अठराशे लोक उभे राहिले. आधीचे काही दिवस त्याने कराराचा अर्थ समजावण्यात आणि उपासात घालवले होते. 1780 मध्ये त्याने हा मजकूर स्वतंत्र पुस्तिकेच्या रूपात काढला.

विधीच्या गाभ्याशी एक प्रार्थना आहे. मी आता माझा उरलो नाही, असे म्हणून उपासक देवाला मोकळीक देतो : काम द्यावे किंवा बाजूला ठेवावे, भरावे किंवा रिते करावे, मान द्यावा किंवा मान खाली घालायला लावावी. यातली बाजूला ठेवले जाण्याची तयारी सर्वांत अवघड; देवासाठी राबायला तयार असलेला माणूसही नको असलेला ठरायला तयार नसतो. दुःख सोसण्याचा उल्लेखही अनेकांना खटकत आला आहे. 1999च्या ब्रिटिश मेथडिस्ट उपासनाग्रंथात म्हणून पारंपरिक प्रार्थनेसोबत एक आधुनिक पर्याय दिलेला असून, हाताला काम असताना आणि नसतानाही देवाची इच्छा पूर्ण होवो, अशा आशयाची मागणी त्यात येते. बेरोजगार उपासकाला हे शब्द थेट भिडतात. त्यापूर्वी 1922 मध्ये जॉर्ज रॉबसनने लांबलचक मजकुराला मंडळीच्या प्रतिसादांची जोड दिली होती. 1936च्या ग्रंथातील रूप त्यावरच उभे राहिले. समारोप प्रभुभोजनाने होतो.

वर्षातून एकदा दिलेला शब्द उरलेले दिवस कसा टिकायचा? वेस्लीकडे याचे उत्तर ‘क्लास’ या छोट्या गटात होते. 1742 मध्ये ब्रिस्टलच्या प्रार्थनामंदिराचे कर्ज फेडण्यासाठी सुमारे बारा जणांमागे एक प्रमुख नेमून दर आठवड्याला माणशी एक पेनी गोळा करायचे ठरले. घरोघर फिरताना या प्रमुखांना सभासद कसे वागतात, हेही दिसू लागले. वसुलीच्या या व्यवस्थेतून साप्ताहिक आत्मपरीक्षणाची बैठक निघाली : आठवडा कसा गेला, मन कशात गुंतले, कोणाशी वागणे चुकले. सभासदत्वाचे तिकीट दर तिमाहीला नवे करून घ्यावे लागे आणि ज्याची वागणूक बिघडली त्याला ते नाकारले जाई. हे गट पुढे बहुतेक ठिकाणी विरले आणि वार्षिक उपासना मागे उरली. तीही सवयीची होऊ शकते. सवयीवरच उतारा म्हणून जन्मलेल्या विधीची ही अडचण आहे.

भारतात चर्च ऑफ साउथ इंडियाच्या उपासनाग्रंथात या विधीला स्थान मिळाले. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये याच परंपरेतल्या ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलेशियन मेथडिस्ट मंडळ्या सामील झाल्या. अमेरिकन मिशनमधून वाढलेली मेथडिस्ट मंडळी मात्र ऐन वेळी बाहेर राहिली. 31 डिसेंबरच्या रात्री मराठी मंडळ्यांमध्ये होणारी जागरणाची उपासना हा याहून वेगळा विधी असून, मेथडिस्ट पंथात तिची सुरुवात 1740च्या सुमारास ब्रिस्टलजवळील किंग्जवुडच्या खाणकामगारांमध्ये झाली.