जागच्या जागी धावणारे चाक

एरंडोल म्हणजेच महाभारतातील एकचक्रानगरी, अशी खानदेशात जुनी श्रद्धा आहे. गावातला पांडववाडा आणि पद्मालयाजवळचे भीमकुंड दाखवून बकासुराची कथा आजही सांगितली जाते. त्याच्यासाठी गाडाभर अन्न घेऊन निघालेला भीम ते स्वतःच फस्त करतो आणि मग राक्षसाला मारतो. या भीमाच्या अंगी दहा हजार हत्तींचे बळ होते, असे आपण लहानपणापासून ऐकतो. वर्गात अतिशयोक्ती अलंकार शिकवताना आम्हीही हेच उदाहरण देत आलो. दहा हजार ही संख्या मोठी खरी. पण एका हत्तीचे बळ म्हणजे किती, हे कोणी मोजलेले नव्हते. ती संख्या म्हणजे मोजमाप नव्हे, गौरव होता.

‘अश्वशक्ती’ हा शब्द याच जातीचा वाटतो. मोटारीच्या जाहिरातीत तो वाचताना डोळ्यांपुढे उधळलेले घोडेच येतात. त्याचा जन्म मात्र रणांगणावर किंवा शर्यतीच्या मैदानावर झालेला नाही. १७८०च्या दशकात जेम्स वॅटला आपले वाफेचे यंत्र गिरण्यांना आणि मद्याच्या कारखान्यांना विकायचे होते. तिथे घोडे गोल फिरून यंत्रे चालवीत. गिऱ्हाइकाचा प्रश्न साधा होता: हे यंत्र किती घोड्यांचे काम करील? वॅटने हिशेब मांडला. बारा फूट त्रिज्येच्या रिंगणात घोडा तासाला १४४ फेरे घालतो आणि १८० पौंडांचा जोर लावतो. गुणाकार पूर्णांकात आणून मिनिटाला ३३,००० फूट-पौंड, ही एक अश्वशक्ती ठरली. म्हणजे हा घोडा आपल्या तेलघाण्याच्या बैलाचा सख्खा भाऊ. दिवसभर चालायचे आणि संध्याकाळी जिथल्या तिथेच असायचे.

माप ठरले, तरी मोजायचे कसे हा प्रश्न उरला. शक्ती तागडीत घालता येत नाही; तिला अडवल्याशिवाय ती किती आहे हे कळत नाही. १८२१ साली फ्रेंच अभियंता गास्पार द प्रोनी याने नेमके हेच केले. फिरत्या दांड्याला लाकडी जबड्यांनी आवळायचे, जबड्याला जोडलेली तरफ वजनाने तोलून धरायची आणि त्या वजनावरून दांड्याचा जोर काढायचा. पुढच्या सर्व शक्तिमापकांचे, म्हणजे डायनॅमोमीटरांचे, बीज या ब्रेकमध्ये आहे.

पण हे सुट्या यंत्राचे झाले. चालत्या वाहनाची शक्ती रस्त्यावर मोजू गेल्यास चढउतार आणि वारा दरवेळी वेगळे. त्यावरची युक्ती प्रथम आगगाडीच्या इंजिनासाठी वापरात आली. १८९१ मध्ये अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात विल्यम गॉस यांनी अख्खे इंजिन आधाराच्या चाकांवर उभे करून पूर्ण वेगाने चालवले. चाके धावत होती, इंजिन जागेवर होते. मोटारीचा चॅसी डायनॅमोमीटर याच कुळातला. गाडीची ओढणारी चाके रोलरवर ठेवतात, गाडी पट्ट्यांनी जखडतात आणि ॲक्सिलरेटर दाबतात. काही यंत्रांत रोलरचे जडत्व ठाऊक असते. तो किती झपाट्याने वेग घेतो यावरून शक्ती काढतात. काहींत विद्युतचुंबकीय ब्रेकने रोलर अडवून धरतात. गॅरेजमधला मिस्त्री ज्याला ‘पिकप’ म्हणतो, ते तिथे कागदावर वक्ररेषा होऊन उमटते.

हा आकडा इंजिनाच्या आकड्यापेक्षा नेहमी कमी येतो. गिअरबॉक्स आणि टायर आपापला वाटा खाऊन मगच उरलेली शक्ती रस्त्याला देतात. शिवाय हवेचाही हिशेब असतो. जळगाव-एरंडोलच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला टेकला असताना, तापलेली विरळ हवा इंजिनाचे बळ घटवते. म्हणून आलेला आकडा २५ अंशांच्या प्रमाण हवेला जुळवून घेतात.

मोजणी एवढी काटेकोर झाली, तरी गौरवाची हौस गेली नाही. अमेरिकन कंपन्या १९७१ पर्यंत इंजिन सुटे करून, पंखा आणि सायलेन्सरसारखे ओझे काढून मिळालेला आकडा जाहिरातीत छापत. १९७२च्या मॉडेलांपासून गाडीत बसवलेल्या स्थितीतला निव्वळ आकडा देण्याची पद्धत आली आणि त्याच इंजिनांची शक्ती कागदावर एकदम उतरली. ब्रिटनमध्ये उलट घडले. १९१० पासून १९४७ पर्यंत मोटारीवरचा कर सिलिंडरच्या व्यासावरून काढलेल्या ‘अश्वशक्ती’वर होता. साहजिकच तिथल्या कारखान्यांनी बारीक व्यासाची, लांब धावेची इंजिने घडवली. मापाने वस्तूच बदलून टाकली.

महाराष्ट्रात या परीक्षेचे घर पुण्यात आहे. १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था वेताळ टेकडीवर आहे. १९९१ मध्ये देशात पेट्रोल गाड्यांच्या धुरावर मर्यादा आल्या. तेव्हापासून गाडी रोलरवर धावते ती केवळ बळ दाखवायला नव्हे, आपला धूर किती याची कबुली द्यायलाही.

पण अश्वशक्तीशी ज्यांचा खरा व्यवहार आहे, ते खानदेशात विहिरीच्या काठी भेटतात. जिथे बैल मोटेच्या धावेवर उतरत, तिथे आता पंप आहे. मीटर नसलेल्या कृषिपंपाचे बिल महाराष्ट्रात वर्षानुवर्षे त्याच्या अश्वशक्तीवर आकारले गेले. २०२४ मध्ये शासनाने वीज मोफत केली तीही ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना. पंपावरच्या पत्र्याच्या पट्टीवर कोरलेला आकडा शेतकऱ्याच्या खिशाला हात घालतो. तो पंप किती पाणी ओढतो, हे मात्र पट्टी सांगत नाही. भीमाचे हत्ती कोणी मोजले नाहीत, कारण त्यांच्यावर कोणाचे बिल आकारले जात नव्हते. ज्या संख्येवर माणसाचे देणे ठरते, ती अलंकार म्हणून चालत नाही. तिला केव्हातरी रोलरवर चढवावे लागते.