मॉर्फिन कपाटात कसे बंद झाले? वेदना, अफू आणि कायद्याचा इतिहास

१/ कायदेशीर अफू पिकवणाऱ्या मोजक्या देशांत भारताची गणना होते. तीव्र वेदनेवरील प्रभावी औषध मॉर्फिन याच अफूपासून बनते. तरीही या देशातील कर्करुग्ण कित्येक वर्षे त्या औषधावाचून तळमळत राहिले. औषध होते, वैद्यकीय ज्ञान होते, किंमतही परवडणारी होती. मग अडले कोठे? याचे उत्तर कायद्याच्या इतिहासात सापडते.

२/ आरंभ मराठवाड्यापासून करू. हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील हट्टा हे गाव १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. वेदनाशमनाच्या जागतिक इतिहासात या संस्थानाचे नाव ठळकपणे येते. १८८८ आणि १८८९ साली तेथे दोन ‘क्लोरोफॉर्म आयोग’ बसले. शस्त्रक्रियेसाठी दिल्या जाणाऱ्या क्लोरोफॉर्मने रुग्ण दगावतो, तेव्हा आधी श्वास थांबतो की हृदय, हा त्या काळी जगभरच्या वैद्यांमधील वादाचा विषय होता.

३/ हैदराबादचे सर्जन एडवर्ड लॉरी यांचे मत होते की आधी श्वास थांबतो. म्हणून वैद्याने श्वासावर लक्ष ठेवावे, म्हणजे धोका टळतो. लंडनच्या ‘लॅन्सेट’ नियतकालिकाने या निष्कर्षावर शंका घेतली. तेव्हा निजाम सरकारने खर्च उचलून दुसरा आयोग नेमला आणि ‘लॅन्सेट’च्या प्रतिनिधीला हैदराबादेत पाचारण केले. त्या आयोगानेही लॉरींचीच बाजू उचलून धरली. परंतु १९११ साली ए. जी. लेव्ही यांच्या प्रयोगांनी दाखवून दिले की क्लोरोफॉर्ममुळे हृदय एकाएकी बंद पडू शकते. लॉरींच्याच हाताखाली शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी या जगातील आरंभीच्या महिला भूलतज्ज्ञांपैकी एक मानल्या जातात.

४/ या प्रकरणातून एक गोष्ट लक्षात येते. वेदना शमवणारे द्रव्य जितके प्रभावी, तितकेच ते धोकादायक असते. त्यामुळे त्याच्या वापराला नियम लागतात आणि ते नियम कोणी ठरवायचे, यावरून वैद्य व राज्यसंस्था यांच्यात ओढाताण होते. अफूच्या बाबतीत ही ओढाताण सर्वाधिक तीव्र झाली.

५/ १८०५च्या सुमारास जर्मन औषधकार फ्रीडरिश सेर्ट्युर्नर याने अफूतून तिचे मुख्य द्रव्य वेगळे केले. ग्रीक स्वप्नदेवता मॉर्फियस हिच्यावरून त्याला ‘मॉर्फिन’ हे नाव मिळाले. इकडे हिंदुस्थानात अफू हे ब्रिटिश सरकारच्या महसुलाचे मोठे साधन होते. गाझीपूरचा सरकारी अफू कारखाना १८२० सालचा. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई आणि त्या व्यापारावर मुंबईतील अनेक पेढ्या गबर झाल्या.

६/ अफू घरांतही होती. मुंबईच्या गिरणीत कामाला जाणाऱ्या स्त्रिया तान्ह्या मुलाला अफूची ‘बाळागोळी’ देऊन निजवीत, ही गोष्ट १९२०च्या दशकातील पाहण्यांत नोंदलेली आहे. एकच द्रव्य औषध होते, व्यसन होते आणि महसूलही होते. १८७८चा अफू कायदा प्रामुख्याने महसुलाचे रक्षण करणारा होता. पुढे १९१२चा हेग करार आणि १९३०चा घातक औषधे कायदा यांनी नियंत्रणाचा रोख व्यसनाकडे वळवला.

७/ १९६१च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात दोन गोष्टी एकत्र सांगितल्या होत्या. अमली द्रव्यांचा गैरवापर रोखावा. आणि वेदनाशमनासाठी त्यांचा वैद्यकीय वापर अपरिहार्य असल्याने ती उपलब्धही ठेवावीत. पुढच्या काळात अनेक देशांनी यातील पहिली गोष्ट मनावर घेतली आणि दुसरी विसरली.

८/ भारतात तो क्षण १९८५ साली आला. अमली औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, म्हणजेच एनडीपीएस कायदा, १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू झाला. बहुतेक गुन्ह्यांना किमान दहा वर्षांची सक्तमजुरी ठरली. मॉर्फिनसारख्या तयार औषधांचे परवाने देण्याचे नियम प्रत्येक राज्याने स्वतंत्रपणे केले. साठवणूक, वाहतूक, आयात अशा प्रत्येक टप्प्यासाठी वेगळा परवाना आणि त्यासाठी अनेकदा वेगळे खाते. चार-पाच परवाने एकाच वेळी वैध असणे आवश्यक होते. एकाची मुदत संपली की उरलेले निरुपयोगी ठरत.

९/ परिणाम लवकरच दिसू लागला. हिशेबात चूक झाली तर तुरुंग, या धास्तीने रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. औषध दुकानांतूनही ते नाहीसे झाले. देशातील वैद्यकीय मॉर्फिनचा वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला आणि १९९७ साली तो वर्षाला अवघ्या १८ किलोवर आला. याच काळात भारतीय अफू औषधनिर्मितीसाठी परदेशी निर्यात होतच होती.

१०/ दैवदुर्विलास असा की कायदा आल्यानंतर पुढच्याच वर्षी, १९८६ साली, जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी ‘तीन पायऱ्यांची शिडी’ मांडली. सौम्य वेदनेला साधे वेदनाशामक, मध्यम वेदनेला कोडीन, तीव्र वेदनेला मॉर्फिन; शक्यतो तोंडावाटे आणि घड्याळाच्या ठोक्यावर. त्याच वर्षी डॉ. लुईस डिसोझा यांनी मुंबईत वांद्रे येथे ‘शांती अवेदना सदन’ सुरू केले. देशातील हे पहिले हॉस्पिस. १९९७ साली पुण्यात सिप्लाचे उपशामक सेवा केंद्र उभे राहिले.

११/ न्यायालयाचे दारही ठोठावले गेले. कर्करोगाने तळमळणाऱ्या आईसाठी मॉर्फिन मिळेना, तेव्हा एका मुलाने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. १९९८ साली न्यायालयाने परवान्यांची प्रक्रिया सुकर करण्यास सांगितले आणि केंद्राने राज्यांना नमुना नियम पाठवले. केरळसारख्या काही राज्यांनी ते स्वीकारले. अनेक राज्यांत फाइल हललीच नाही. २००७ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि सहकाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली.

१२/ अखेर फेब्रुवारी २०१४ मध्ये, पंधराव्या लोकसभेच्या शेवटच्या अधिवेशनात, कायद्यात दुरुस्ती झाली. ‘अत्यावश्यक अमली औषधे’ हा नवा वर्ग निर्माण झाला. २०१५च्या नियमांनुसार मॉर्फिन, फेन्टॅनिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधे त्यात आली. या औषधांसाठी देशभर एकच नियमावली ठरली आणि अनेक परवान्यांच्या जागी राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता आली. महाराष्ट्रात ते काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. अट एवढीच, की संस्थेत प्रशिक्षित डॉक्टर असावा आणि औषधाचा चोख हिशेब ठेवला जावा.

१३/ नियंत्रण सैल करून प्रश्न सुटतो, असेही नाही. अमेरिकेत १९९६ पासून ऑक्सिकॉन्टिन या गोळीचा आक्रमक प्रचार झाला, सढळ हाताने ती लिहून दिली गेली आणि व्यसन व मृत्यूंचे मोठे संकट ओढवले. तिची उत्पादक पर्ड्यू फार्मा २००७ आणि २०२० साली गुन्ह्याची कबुली देती झाली. भारतानेही गैरवापर वाढल्यावर २०१८ साली ट्रॅमाडोल या वेदनाशामकाला एनडीपीएस कायद्याखाली आणले.

१४/ कायदा बदलला, तरी एक पिढी हातची गेली होती. १९८५ नंतर तीस वर्षे वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या अनेकांनी मॉर्फिनची गोळी रुग्णाला कधी दिलीच नव्हती. ज्याचा अनुभव नाही, त्याची भीती उरते. ती दूर होण्याचा मार्ग शिक्षणातून जातो. २०१२ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात उपशामक वैद्यकाची एमडी पदवी सुरू झाली. २०१९च्या नव्या एमबीबीएस अभ्यासक्रमात वेदना आणि तिचे व्यवस्थापन हा विषय समाविष्ट झाला.

१५/ आता पुन्हा हट्टा. अशा गावातल्या कर्करुग्णाला मुंबईत उपचार मिळाले, तरी शेवटचे महिने तो आपल्या घरीच काढतो. त्याची वेदना रात्री दोन वाजता वाढते. तेव्हा प्रश्न एवढाच असतो की जवळच्या रुग्णालयाने ती मान्यता घेतली आहे का, तेथे प्रशिक्षित डॉक्टर आहे का आणि कपाटात गोळी आहे का. दिल्लीत २०१४ साली झालेली दुरुस्ती त्या घरापर्यंत पोहोचली की नाही, हे त्या तीन उत्तरांवरून ठरते.