वऱ्हाडचीं कुरणें व तेथील पांखरें

बुलढाणा जिल्ह्याचे निसर्गतःच दोन भाग पडतात. उत्तरेस पूर्णेच्या खोऱ्यांतील काळीभोर जमीन, तिला पायनघाट म्हणतात. दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगांवरील मुरमाड माळ, तो घाटावरचा प्रदेश. पायनघाटानें कापूस पिकविला, माळानें गवत. कापसाचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला. गवताचा इतिहास तेथील पांखरांनींच सांगावयाचा आहे.

१८५३ सालीं वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यांत गेला. पुढें १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी चालली, मँचेस्टरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसास अपूर्व भाव आला. १८७० सालीं लॉर्ड मेयो यांच्या हस्तें खामगांवचा लोहमार्ग व कापसाचा बाजार खुला झाला. जेथें नांगर शिरूं शकला, तेथें तो शिरला. गवत उरलें तें सरकारी रमण्यांत आणि गांवच्या गुरचरणांत. या गुरचरणास महसुली दप्तरांत ‘ई-क्लास’ असें नांव पडलें. ज्या जमिनीचा सारा येत नाहीं ती पडीक, ही समजूत तेव्हांपासून दृढ झाली.

परंतु ही जमीन खरोखरच पडीक आहे काय? चंडोल, धाविक, माळटिटवी, पखुर्डी हीं पांखरें उघड्या जमिनीवरच अंडीं घालतात. अंड्यांचा मातकट रंग हेंच त्यांचें कुंपण. हिंवाळ्यांत भोवत्या ससाणे मध्य आशियांतून येतात, रात्रीं गवतांतच उतरतात आणि दिवसा नाकतोडे टिपून शेतकऱ्याची चाकरी करितात. तपकिरी फुलपांखरांच्या कित्येक जातींच्या अळ्या गवतावर पोसतात, तर बिबळ्या कडव्याची अळी माळावरची रुई खाते. शेजारच्या अकोला व वाशीम जिल्ह्यांत पावसाळ्यांत तणमोराचा नर मादीला दिसावें म्हणून गवतावर शेंकडों वेळां उंच उडी घेतो. गवतच नसेल, तर ही उडी कोणी पाहावी?

माळढोकाची कथा याहून करुण आहे. मादी बहुधा एकाच खेपेस एकच अंडें घालते. म्हणून एकदां घटलेली संख्या सहसा भरून येत नाहीं. आज साऱ्या भारतांत हे पक्षी दीडशेंच्या आसपास उरले आहेत.

१९९७ सालीं खामगांव-बुलढाण्याच्या डोंगरांत २०५ चौरस किलोमीटरांचें ज्ञानगंगा अभयारण्य झालें, हें उत्तमच झालें. परंतु अरण्यास जें संरक्षण मिळालें, तें गांवच्या माळास मिळालें नाहीं. कोठें अतिक्रमण झालें, कोठें सद्हेतूनें दाट झाडें लावलीं गेलीं. जमिनीवर घरटें करणाऱ्या पांखरास दोन्हींचा परिणाम सारखाच. याउलट, फांसे टाकून तित्तर व लावे धरण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्या फासेपारधी समाजांतील कांहीं मंडळी अकोला-वाशीम भागांत गवत राखण्यास पुढें आली आहे. पांखरांच्या वाटा तिच्याइतक्या कोणास ठाऊक असणार?

गवत राखलें तर गुरांस चारा मिळतो, मातीस आधार मिळतो आणि चंडोलास घर मिळतें. दप्तरांत ज्यास पडीक म्हटलें, त्यास कुरण म्हणावयास शिकणें, हाच या इतिहासाचा बोध होय.