पांढऱ्या तांदुळाची किंमत

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पूर्वेकडील देशांत वाफेच्या भातगिरण्या सुरू झाल्या. उखळांत सडलेल्या तांदुळावर तांबूस कोंड्याचा पातळ थर राहत असे. गिरणीनें तोहि घांसून काढला. हा तांदूळ दिसावयास शुभ्र व अधिक टिकाऊ. बराकी व तुरुंग यांच्या कोठारांत तो जाऊं लागला, आणि तेथेंच बेरीबेरीनें थैमान मांडलें. या रोगांत पाय लुळे पडत, अंगावर सूज येई आणि कित्येकांचें हृदय बंद पडे.

जंतुशास्त्राच्या भराचा तो काळ. डच सरकारनें १८८६ सालीं जावा बेटांतील बटाव्हिया येथें वैद्य धाडले, ते या रोगाचे जंतु शोधण्यासाठीं. त्यांच्यासमवेत गेलेल्या क्रिस्तियान आइकमन यांच्या प्रयोगशाळेंतील कोंबड्या १८८९ सालीं एकाएकीं लुळ्या पडल्या व कांहीं महिन्यांनीं आपोआप बऱ्या झाल्या. चौकशीअंतीं कळलें कीं, मधल्या काळांत त्यांना लष्करी इस्पितळांतील पांढरा भात मिळत होता. नव्या आचाऱ्यानें तो नाकारतांच त्या सुधारल्या. पुढें व्होर्डरमन यांनीं जावांतील शंभरावर तुरुंगांची पाहणी केली. पांढरा तांदूळ खाणाऱ्या कैद्यांत ३९ मागें एक रोगी निघाला; कोंड्यासह तांदूळ खाणाऱ्यांत दहा हजारांहून अधिक कैद्यांमागें एक.

आइकमन यांस प्रथम वाटलें कीं भातांत विष असावें व कोंडा हा त्यावरील उतारा. ख्येरित ग्रेन्स यांनीं १९०१ सालीं खरा अर्थ लावला: रोग कशाच्या असण्यानें नव्हे, तर नसण्यानें होतो. तें द्रव्य १९२६ सालीं कोंड्यांतून वेगळें काढण्यांत आलें. आज त्यास 'ब१' जीवनसत्त्व म्हणतात.

म्हणून प्रक्रिया तेवढी वाईट असें मात्र नव्हे. कोंकण-गोमंतकांतील उकडा तांदूळ हीहि प्रक्रियाच. भात भिजवून उकडल्यानें हें सत्त्व दाण्याच्या आंत मुरतें व सडतांना सारें जात नाहीं.

आजच्या कारखानी पदार्थांत गेलेलीं जीवनसत्त्वें पुन्हां मिसळतां येतात. तरीहि २०१९ सालीं अमेरिकेंत केविन हॉल यांनीं वीस जणांवर प्रयोग केला, तेव्हां अतिप्रक्रिया केलेल्या आहारावर तीं माणसें दररोज सुमारें ५०० उष्मांक अधिक खात व दोन आठवड्यांतच त्यांचें वजन वाढलें. जावांतील रोग्यांप्रमाणें त्यांचे पाय लुळे पडले नाहींत. हें नुकसान सावकाश होतें, आणि म्हणूनच घरांतल्या ताटावर तें सहसा कोणाच्या नजरेस येत नाहीं.